डायव्हिंग मास्क

डायव्हिंग मास्क हे पाण्याखाली स्पष्ट दिसावे म्हणून डोळे व नाक झाकून चेहऱ्यावर बसविण्याचे साधन आहे. स्कूबा डायव्हिंग (हवेची टाकी पाठीवर घेऊन मारलेली बुडी), फ्रीडायव्हिंग (एका श्वासावर मारलेली बुडी) आणि स्नॉर्केलिंग या तिन्ही प्रकारांत ते वापरतात. मास्क चेहऱ्यावर हवाबंद बसणे आणि त्यातील हवेचा दाब नाकावाटे वाढविता येणे, या दोन बाबी त्याच्या निवडीत किंमत व दिखाऊपणापेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

कार्यतत्त्व

डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम पारपटल, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडदा, करतो. पाण्याचा अपवर्तनांक (सुमारे १.३३) पारपटलाच्या अपवर्तनांकाच्या जवळपास असल्यामुळे पाण्यात त्याची ही शक्ती बहुतांशी नाहीशी होते आणि सर्व अंधुक दिसते. मास्कमुळे डोळ्यांपुढे हवेचा थर राहतो व दृष्टी पूर्ववत होते. मात्र सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि प्रत्यक्ष अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारख्या भासतात.

हाच हवेचा थर खोलीवर धोक्याचा ठरू शकतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो आणि बॉइलच्या नियमानुसार हवेचे आकारमान निम्मे होते. काच आकुंचन पावत नसल्याने मास्क चेहऱ्याकडे ओढला जातो आणि डोळ्यांतील व त्यांभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू शकतात. यास ‘मास्क स्क्वीझ’ म्हणतात. खाली जाताना नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडल्यास हा अपाय टळतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहत असल्याने हे करता येत नाही. म्हणून तो खोल बुडीस निरुपयोगी आहे. जपानमधील आमा या पाणबुड्या स्त्रियाही पूर्वी केवळ डोळ्यांपुरते चष्मे वापरीत; पुढे नाक झाकणारा मास्क रूढ झाला.

रचना

मास्कचे मुख्य भाग म्हणजे टेम्पर्ड काच, चौकट, चेहऱ्यास चिकटणारा सिलिकॉनचा मऊ काठ (स्कर्ट), नाकाचा कप्पा आणि पट्टा. टेम्पर्ड काच फुटल्यास तिचे धारदार तुकडे होत नाहीत. पारदर्शक काठातून अधिक प्रकाश येतो. काळ्या काठामुळे बाजूची चकाकी कमी होते.

स्कूबा व फ्रीडायव्हिंग यांतील फरक

स्कूबा पाणबुड्यास टाकीतून हवा सतत मिळते. त्यामुळे तो रुंद दृष्टिक्षेत्राचा, जास्त आकारमानाचा मास्क वापरू शकतो. फ्रीडायव्हरला मास्कसाठी लागणारी हवा फुप्फुसांतील मर्यादित साठ्यातूनच द्यावी लागते. उदाहरणार्थ, २० मीटर खोलीवर दाब तिप्पट असतो. तेथे १०० मिलिलिटर आकारमानाच्या मास्कमधील दाब समतोल राखण्यास पृष्ठभागावर मोजलेली २०० मिलिलिटर, तर २५० मिलिलिटरच्या मास्कला ५०० मिलिलिटर जादा हवा लागते. म्हणून फ्रीडायव्हिंगसाठी काच डोळ्यांजवळ असणारा, कमी आकारमानाचा मास्क निवडतात. कान मोकळे करण्यासाठी बाहेरून नाक चिमटीत धरता येईल असा मऊ कप्पा दोन्ही प्रकारांत आवश्यक असतो. संपूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केलिंगचे मास्क केवळ पृष्ठभागावर वापरण्यासाठी असतात.

निवड

मास्क पारखण्याची रूढ पद्धत पुढीलप्रमाणे आहे:

१. पट्टा बाजूस करून आणि कपाळावरील केस मागे सारून मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवावा.
२. नाकाने किंचित श्वास आत ओढून रोखावा व हात सोडावा. मास्क जागीच राहिला, तर तो हवाबंद बसला असे समजावे.
३. तोंडात स्नॉर्केल किंवा श्वासनळीचे मुखाग्र धरून हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण त्यामुळे गालांचा व ओठांचा आकार बदलतो.
४. कपाळावर किंवा नाकाच्या दांड्यावर काच वा चौकट टोचत नाही, हे पाहावे.

पट्टा आवळून गळती थांबत नाही; उलट काठ दुमडून ती वाढते. दाट मिशांमुळेही वरच्या ओठापाशी पाणी शिरते. चष्म्याच्या काड्या काठाखाली येत असल्याने मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. अशांसाठी नंबराच्या काचा बसविलेले मास्क मिळतात. मालवण, तारकर्ली येथे हौशी पर्यटकांना मास्क बहुधा केंद्राकडूनच मिळतो. अशा वेळीही बोटीवर चढण्यापूर्वी ही परीक्षा करता येते.

वापर व देखभाल

नव्या मास्कच्या काचेवर निर्मितीच्या वेळचा पातळ थर राहतो व त्यामुळे काच धुरकट होते. सौम्य टूथपेस्टने आतील बाजू चोळून तो काढतात. प्लॅस्टिकच्या काचेवर मात्र यामुळे ओरखडे पडतात. बुडीपूर्वी काचेला आतून थुंकी लावून खळबळून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. आत पाणी शिरल्यास मास्कची वरची कड दाबून धरून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडतात. वापरानंतर मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि काठ दबणार नाही अशा डब्यात ठेवावा.