फ्लूचा नसलेला ‘फ्लूचा जीवाणू’

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नाव आम्ही विद्यार्थी असताना प्रथम ऐकले, तेव्हा हाच फ्लूचा जंतू असे खुशाल धरून चाललो. नावच तसे आहे. पण फ्लू होतो तो विषाणूमुळे आणि हा आहे जीवाणू. मग त्याला हे नाव मिळाले कसे?

१८८९ मध्ये सुरू झालेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने युरोप हैराण झाला होता. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांना रुग्णांच्या बेडक्यात एक अगदी बारीक, काडीसारखा जीवाणू सापडला. इन्फ्लुएन्झाचे कारण हेच, असे त्यांनी १८९२ मध्ये जाहीर केले. कॉख यांनी क्षयाचा व पटकीचा जंतू दाखवून दिल्याला दहा वर्षेही झाली होती-नव्हती. साथ म्हटली की तिच्यामागे एखादा जीवाणू असणारच, असे सर्वांना वाटत होते. खरे तर हा जीवाणू टोचून प्राण्यांमध्ये माणसासारखा फ्लू उत्पन्न करता येत नव्हता. म्हणजे कॉख यांची स्वतःचीच कसोटी पुरी झालेली नव्हती!

पुढे १९१८ ची साथ आली. जूनमध्ये ती मुंबईत पोहोचली. पावसाळा संपता संपता दुसरी, फार घातक लाट उसळली आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. जगभरच्या प्रयोगशाळांत फायफर यांच्या जीवाणूचा शोध सुरू झाला. काही रुग्णांत तो मिळे, काहींत मिळत नसे. निरोगी माणसांच्या घशातही तो सापडे. पण मिळाला नाही तर दोष शोधणाऱ्याचा! हा जीवाणू रक्त घातलेल्या माध्यमावरच नीट वाढतो, तेव्हा तुमचे माध्यम बिघडले असेल, असे म्हणायला जागा होतीच. काही ठिकाणी त्याची लसही टोचली गेली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या पेनिसिलिनवरील निबंधाचे शीर्षक पाहा. घशातले इतर जंतू मारून हा जीवाणू वेगळा काढायला पेनिसिलिन उपयोगी पडते, हे त्यात मुद्दाम सांगितले आहे.

वाद मिटला १९३३ मध्ये, लंडनला. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांच्या संस्थेत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावरील संशोधनासाठी फेरेट (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) वापरले जात. फ्लूच्या रुग्णाच्या गुळण्यांचे पाणी त्यांनी जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले आणि फेरेटच्या नाकात घातले. दोनेक दिवसांत फेरेटना ताप आला, नाके वाहू लागली. १९३६ मध्ये तर एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंकले आणि त्यांनाही फ्लू झाला. शास्त्रज्ञांनी त्यांच्या घशातून विषाणू मिळवून पुरावा पुरा केला!

फायफर यांना मात्र आम्ही हसणार नाही. १९१८ मध्ये विषाणूने फुप्फुसे दुबळी केली, पण पुष्कळसे मृत्यू त्यानंतर झालेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असे जपून ठेवलेल्या ऊतींच्या तपासणीतून दिसते. त्या जीवाणूंमध्ये हाही होता. याचाच ‘बी’ प्रकार लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणाचा दाह देतो. त्यावरील लस भारतात २०११ पासून पंचगुणी लसीतून दिली जाऊ लागली. तिला म्हणतात ‘हिब’. त्यातली वेलांटी इन्फ्लुएन्झीची आहे.