नाळेच्या रक्तातली वाढ

बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी' आणि दुसरा, 'केवढं आहे?' एक बाळ तीन किलोचे आणि दुसरे दोनच किलोचे का, हे आपण बहुधा नशिबावर टाकतो. माझी आजी म्हणे, "पोटुशीनं फार खाऊ नये, मूल थोर होतं अन् बाळंतपण अडतं." तिचे भय खरे होते, सल्ला मात्र घातक होता.

शरीर वाढवणारा द्रव मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत तयार होतो, हे पूर्वीच ठाऊक होते. पण सन १९५७ साली अमेरिकेत सेंट लुई येथे सॅमन व डॉगाडे ह्या संशोधकांना एक नवल दिसले. उंदराची कूर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्याला हाताला लागते तसले मऊ हाड, त्यांनी काचपात्रात ठेवली. वर ग्रंथीचा द्रव घातला, तर कूर्चा जवळजवळ ढिम्म! पण तोच द्रव टोचलेल्या उंदराच्या रक्तातले पाणी घातले, तेव्हा ती वाढीला लागणारे गंधकाचे क्षार भराभर ओढू लागली. म्हणजे हुकूम ग्रंथीचा. राबणारा गडी रक्तात निराळाच! १९७८ साली झुरिकच्या रिंडरक्नेश्ट आणि हुंबेल ह्यांनी त्याची घडण उलगडली. तो ७० अमिनो आम्लांची साखळी, इन्सुलिनचा जणू चुलतभाऊच निघाला. म्हणून त्याला 'इन्सुलिनसदृश वाढ-घटक' म्हणतात.

आता आपल्या बाळाकडे वळू. आईच्या रक्तातला हा घटक वारेतून पलीकडे जात नाही. बाळ आपला घटक आपणच तयार करते. आईकडून येते ती शिधासामग्री: साखर, प्रथिनांचे घटक, प्राणवायू. ती तुटपुंजी आली, की बाळही हात आखडते. कमी वजनाच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात हा घटक कमी सापडतो, तो त्यामुळेच. १९९६ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका मुलाची हकीकत छापली. ह्या घटकाचे जनुकच त्याच्यात बिघडलेले. पूर्ण दिवस भरूनही तो जन्मला १.४ किलोचा.

आपल्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून गरोदर बायांची पाहणी केली. ह्या बाया सरासरी ४२ किलोच्या, बाळे सुमारे २.७ किलोची. २००२ साली नाळेचे रक्त लंडनच्या गोऱ्या बाळांशी ताडून पाहिले, तेव्हा आपली बाळे हातापायांनी काटकुळी, पण कातडीखालची चरबी तितकीशी घटलेली नाही, आणि अंगाच्या मानाने रक्तात इन्सुलिन जास्त, असे दिसले. पुढे मधुमेहाची वाट इथूनच फुटते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या बाया पालेभाज्या, फळे वारंवार खात, त्यांची बाळे मोठी होती. आणि शेतात, घरात जास्त राबणाऱ्या बायांची बाळे लहान. पालेभाजी तर आपल्या बांधावरही उगवते. कष्ट कमी करणे मात्र त्या बाईच्या एकटीच्या हातात कधीच नव्हते.