कापडी डायपर बाळाला नीट बसतोय का? असं तपासा

ऑनलाइन कापडी डायपर घेताना मी बाळाचं वय नाही, वजन बघते. कंबर आणि मांडीचा घेर टेपने मोजून साइज चार्टशी जुळवते. 'फ्री साइज' डायपरला पुढे प्रेस बटणांच्या ओळी असतात. त्या लावल्या की डायपरची उंची कमी होते. बाळ वाढलं की सोडायच्या.

इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसायला हवं. तिथे फट दिसली की गळणारच! पोटाशी दोन बोटं सहज जायला हवीत. काढल्यावर हलके वळ चालतात. लाल, खोल वळ म्हणजे घट्ट झालाय.

नवीन सुती पॅड कमी शोषतं, म्हणून आधी दोन-तीनदा धुवा. धुतलेला डायपर सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला एकच मागवा.