फॉरमॅट मारला आणि मराठी गेली

आजचा इतिहास जरा घरचा आहे.

फोन अडकला की तुम्ही रीस्टार्ट करता, विषय संपला. आमच्या कराडच्या घरी २००४ साली विंडोज ९८ वाला कॉम्प्युटर होता आणि तो दर दोन-तीन महिन्यांनी रुसायचा. निळी स्क्रीन, नाहीतर माउसचा बाण जागच्या जागी गोठलेला. मग कॉम्प्युटरवाला दादा यायचा, सीपीयूला कान लावायचा (खरंच लावायचा!) आणि ठरलेलं वाक्य म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायची. आपल्या फायली डी ड्राइव्हवर, त्यामुळे त्या वाचायच्या. आजोबांची फाइलही डी वरच होती. आजोबा निवृत्त कारकून, मराठी टाइपरायटरवर हात बसलेला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते कोयनानगरला नोकरीत होते. त्याच्या आठवणी ते टाइप करत होते. चाळीस पानं झाली होती.

फॉरमॅटनंतर फाइल उघडली, तर सगळीकडे कंस, डॉलरच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांचा काला. दादा म्हणाला, फाइल करप्ट झाली. आजोबांना वाटलं आपणच भलतं बटण दाबलं. "माझ्याच हातून बिघडलं रे," एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही.

खरं तर फाइलला काहीच झालं नव्हतं. तेव्हाचे मराठी फॉन्ट एक जुगाड होते. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच; फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये 'क'चं किंवा वेलांटीचं चित्र बसवलेलं. कुठल्या जागी कुठलं चित्र, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. आणि फॉन्ट राहायचा कुठे? सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटात. सी पुसला, चित्रं गेली, खालचं इंग्रजी उघडं पडलं.

चिडचिड होते ती पुढच्या गोष्टीने. यावरचा उपाय आधीच झालेला होता. भारताचं 'इस्की' हे मानक १९९१ चं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला, तोही आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. पण एक्सपीमध्येसुद्धा मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये एक टिक करून सीडी घालावी लागायची. हे आमच्या दादाला कोण सांगणार? डीटीपीवाले, छापखाने, सगळे जुन्याच फॉन्टवर होते.

आजोबा २०११ ला गेले. मागच्या वर्षी जुन्या सीडीवर ती फाइल सापडली. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट केला, तर वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव तसंच होतं! इतकी वर्षं तिथेच होतं, आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. मग कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडमध्ये आणला.

पण टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. जुन्या फॉन्टमध्येही तसंच. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. कन्व्हर्टर ती उचलून पुढे टाकतो आणि जोडाक्षर आलं की गडबडतो. 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. जुन्या सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी करताना तुम्हीही असलं काही पाहिलं असेल.

चाळीस पानं मी हाताने दुरुस्त केली, तीन आठवडे लागले. भूकंपाची पहाट सातव्या पानावर आहे. त्या पानावर 'स्िथती' चार वेळा होतं.

ते पान पुढच्या भागात वाचून दाखवतो.