माहेरचे रान

दरवर्षी श्रावणात आपल्या मंडळातर्फे झाडे लावण्याचा कार्यक्रम होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही अलीकडे प्लॅस्टिकच्या डबीऐवजी तुळशीचे किंवा कढीलिंबाचे रोप वाण म्हणून देण्याची चाल पडली आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु मागच्या श्रावणात खड्डे खणावयास बोलावलेल्या माळ्याने येऊन विचारले, "बाई, नवे खणू, का गेल्या वर्षीचेच उकरू?" तेव्हा सगळ्याजणी हसल्या. हसणे ओसरल्यावर मात्र जरा ओशाळल्यासारखे झाले.

हे ओशाळेपण आपल्या एकट्या मंडळाचे नव्हे. १९५० च्या जुलैत त्या वेळचे केंद्रीय अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावण्याचा सोहळा गावोगाव होत आला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली पुष्कळशी वाळून जात आली. रोप लावण्यास एक सकाळ पुरते. ते जगवण्यास तीन उन्हाळे लागतात. हे तीन उन्हाळे कोणी सांभाळावयाचे आणि कोणते झाड लावावयाचे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न हिमालयातल्या काही बायकांनी ज्या रीतीने सोडवला, त्याची हकीगत ह्या स्मरणिकेत सांगावीशी वाटते. त्याही एका महिला मंडळाच्याच सभासद होत्या. तिकडे त्याला 'महिला मंगल दल' म्हणतात, इतकाच फरक.

गढवालातल्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाहून नीती खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर, ऋषिगंगा धौलीगंगेला मिळते तेथे रैणी हे गाव आहे. त्या पहाडी मुलखात बाईचे आयुष्य म्हणजे जंगलाची वाट. पुरुष पुष्कळसे सैन्यात किंवा खाली मैदानात चाकरीला. घर चालते ते मनिऑर्डरीवर आणि बायकांच्या पाठीवर. सरपण, जनावरांचा चारा, शेतात घालावयाचा पालापाचोळा, सारे रानातून वाहून आणावयाचे. तिथले बांज म्हणून जे झाड आहे, त्याच्या मुळांशी पाणी धरून राहते. बांजाचे रान तोडले की खालचा झरा आटतो, हे तिथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असते. जंगल लांब गेले म्हणजे बाईचे पाय लांब चालतात, हा हिशेब कोणत्याही सरकारी कागदावर मांडलेला नसतो.

१९७० च्या २० जुलैला अलकनंदेला भयंकर पूर आला. रस्ते, पूल, मोटारी वाहून गेल्या, माणसे दगावली, आणि तो गाळ इतक्या दूरवर गेला की हरिद्वारचा गंगेचा कालवा बुजला. गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते मदतीचे धान्य घेऊन वरच्या गावांत गेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की जेथे वरच्या उतारावरची झाडे ठेकेदारांनी तोडली होती, तेथेच नासाडी अधिक झाली आहे. ह्या संघाचे चालक चंडीप्रसाद भट्ट हे सर्वोदयी कार्यकर्ते. पुढे १९७३ साली ह्याच संघाने शेतीची अवजारे करण्यासाठी अंगूची थोडी झाडे मागितली, ती नाकारण्यात आली. आणि तीच अंगूची झाडे खेळाचे साहित्य करणाऱ्या अलाहाबादच्या एका कंपनीला देण्यात आली. गावाला जू नाही, शहराला बॅट आहे! त्या एप्रिलमध्ये लोकांनी ढोल वाजवीत कंपनीची माणसे परत पाठवली. झाडाला मिठी मारावयाची पण कुऱ्हाड लागू द्यावयाची नाही, हा 'चिपको'चा निश्चय तेव्हाचा. ज्या गावी हे प्रथम घडले त्याचे नावच मंडल आहे. योगायोग म्हणून सांगते.

तोवर पुढे होते ते पुरुषच. बायकांची वेळ आली १९७४ त.

रैणीच्या वरच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला होता. २६ मार्चचा दिवस असा काही जमून आला की गावातले सगळे पुरुष चमोलीला गेलेले. १९६२ च्या चिनी युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई इतक्या वर्षांनी त्याच दिवशी मिळावयाची होती. संघाच्या कार्यकर्त्यांनाही वनाधिकाऱ्यांनी बोलणी करावयाची म्हणून गोपेश्वरात अडकवून ठेवलेले. हा योगायोग मानावयाचा असेल त्याने मानावा. ठेकेदाराचे मजूर आडवाटेने जंगलाकडे निघाले, ते एका लहान मुलीने पाहिले आणि ती धावत गौरादेवींकडे गेली.

गौरादेवी त्या वेळी पन्नाशीच्या घरात होत्या. भोटिया समाजातल्या, माहेर शेजारच्या लाता गावचे. विशी ओलांडते न ओलांडते तोच वैधव्य आले आणि पदरात एक लहान मुलगा. शिक्षण नव्हते. महिला मंगल दलाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांनी घरोघर हाक दिली. हातातली कामे टाकून सत्तावीस-अठ्ठावीस बायका-मुली निघाल्या. रानात मजुरांचा स्वयंपाक चालू होता. गौरादेवींनी त्यांना भाऊ म्हटले. हे जंगल आमचे माहेर आहे, जेवून घ्या आणि आमच्याबरोबर खाली चला, आमची माणसे आली म्हणजे काय ते बोलू, अशी त्यांची विनवणी होती. एकाजण दारूच्या नशेत बंदूक घेऊन पुढे आला, तेव्हा त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आधी मला मार, मग माहेर तोड, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे तिकडे अजून सांगतात.

'माहेर' हा शब्द त्यांनी का वापरला असेल, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. आईच्या घरी जे मागावे लागत नाही, उचलून आणता येते, ते सारे त्यांना रानातून मिळत होते. अडीअडचणीला धावून जावयाचे ठिकाणही तेच. आपल्या ओव्यांतून माहेराविषयी जे जे म्हटले जाते, ते त्या बाईने जंगलाविषयी म्हटले. आपल्यापैकी कोणाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल असे वाटत नाही.

मजूर मागे फिरले. दरड कोसळलेल्या जागी वाटेवर एक सिमेंटची फळी टाकली होती, ती बायकांनी ढकलून दिली, म्हणजे वरची वाटच मोडली. मग त्या रात्रभर तेथेच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुरुष आले, कार्यकर्ते आले. तीन-चार दिवस वाट पाहून ठेकेदाराची माणसे निघून गेली. उत्तर प्रदेश सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटरांत दहा वर्षे व्यापारी तोड बंद झाली. १९८० साली इंदिरा गांधींच्या सांगण्यावरून उत्तर प्रदेशच्या पहाडात एक हजार मीटरच्या वर पंधरा वर्षांची बंदी आली.

शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट बहुधा येथे संपते. झाडाला मिठी मारलेल्या बायकांचे चित्र डोळ्यांत इतके भरले आहे की त्यामागचे काम कोणाला दिसतच नाही. शिवाय बंदीने सारेच साधले असेही नव्हे. लाकडावर चालणारे लहान उद्योग गावात यावेत, हे गावकऱ्यांचे पहिले मागणे तसेच राहून गेले, आणि नियमांचा जाच पुढे त्यांनाच झाला, अशी तक्रार त्या पहाडात नंतर ऐकू येऊ लागली. ती खोटी म्हणता येणार नाही.

मला महत्त्वाची वाटतात ती त्यानंतरची शिबिरे. भट्टांच्या संघाने गावोगाव वृक्षारोपणाची शिबिरे भरवावयास सुरुवात केली. गावकरी, कॉलेजातली मुले, कार्यकर्ते एकत्र राहत. दिवसा खड्डे खणावयाचे, गुरे शिरू नयेत म्हणून दगडांचे गडगे रचावयाचे आणि रात्री बसून बोलावयाचे. ह्या रात्रीच्या बैठकांतच खरी गोष्ट घडली. कोणती रोपे लावावीत असे विचारता पुरुष म्हणत, अक्रोड लावा, सफरचंद लावा, चार पैसे येतील. बायका बोलू लागल्या तेव्हा त्यांनी चाऱ्याची आणि सरपणाची झाडे मागितली. पैसा पुरुषाच्या खिशात जातो, ओझे आपल्या डोक्यावर राहते, हे त्यांना पक्के माहीत होते. आणि जे झाड त्यांनी मागितले ते त्यांनी जगवले. आळीपाळीने राखण केली, गडगे डागडुजून ठेवले. सरकारी लागवडीच्या मानाने ह्या रोपांपैकी कितीतरी अधिक जगली, हे बाहेरून पाहावयास आलेल्या अभ्यासकांनी नोंदले आहे. १९८२ साली भट्टांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचे पुण्य ह्या राखणदारणींकडेही जाते.

बायकांचे हे बोलणे घरात नेहमीच गोड लागले असे नाही. १९८० च्या फेब्रुवारीत डुंगरी-पैंतोली येथे बांजाचे जंगल तोडून बटाट्याच्या बियाण्याचा मळा करण्याचे घाटत होते. त्याच्या बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज देण्याचे आश्वासन मिळाले आणि गावच्या पुरुषांनी होकार भरला. बायका आडव्या उभ्या राहिल्या. ठेकेदाराशी भांडणे सोपे. येथे नवऱ्याशी, दिराशी, गावच्या पंचांशी गाठ होती, धमक्याही मिळाल्या. तोड थांबली. रस्ता नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. आम्हांला न विचारता आमचे रान कसे दिले, एवढेच म्हणणे होते. आपल्याकडे वाड्यातला आंबा मोटारीच्या जागेसाठी तुटतो, तेव्हा घरातल्या बायकांना विचारणारे किती, हे ज्याचे त्याने आठवावे.

१९९५ साली त्याच चमोली जिल्ह्यात ग्वालदम येथे कल्याणसिंह रावत ह्या शिक्षकांनी 'मैती' नावाची चाल सुरू केली. गढवालीत मैत म्हणजे माहेर. लग्नात नवरा-नवरी मिळून नवरीच्या माहेरी एक रोप लावतात. नवरदेव नवरीच्या मैत्रिणींच्या हाती यथाशक्ती पैसे देतो आणि त्या गटाकडे ते जमतात. मुलगी सासरी जाते, रोप आईकडे राहते. आता कोणती आई ते वाळू देईल? कायद्याचा धाक नाही की पाहुण्यांचे भाषण नाही. राखण मायेवर सोपवली आहे. रावतांना पुढे पद्मश्री मिळाली.

गौरादेवी १९९१ च्या जुलैत वारल्या. २०२१ च्या ७ फेब्रुवारीला रैणीच्या वरच्या डोंगराचा खडक आणि बर्फ मिळून मोठा कडा कोसळला आणि ऋषिगंगेला लोंढा आला. नदीवरचे वीजप्रकल्प त्यात गेले, दोनशेंहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. ह्या प्रकल्पाविरुद्ध रैणीच्या काही लोकांनी दोन वर्षे आधीच नैनिताळच्या उच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्याच वर्षी जूनमध्ये जमीन खचू लागली आणि गौरादेवींचा गावातला पुतळाही तेथून काढून हलवावा लागला.

आपल्या कार्यकारिणीने यंदा पन्नासांऐवजी अकराच रोपे लावण्याचे ठरवले आहे. कोणती लावावी हे आसपासच्या बिऱ्हाडांतल्या बायकांनी सुचवावयाचे आहे. शेवगा आणि कढीलिंब ह्यांना आतापर्यंत सर्वांत अधिक मते पडली आहेत. प्रत्येक रोपासमोर पाणी घालणाऱ्या दोघींची नावे मंडळाच्या फळ्यावर लिहिली आहेत. श्रावण ते मार्गशीर्षाच्या पाळ्या भरल्या. चैत्र-वैशाखाच्या पाळ्यांत अजून चार नावे कमी आहेत.