सुटलेला पाय : शर्यतीतील एका लकबीचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील धावपट्टी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश सरकारने बांधली. तेव्हा हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १९९९ साली अस्तित्वात आला. युद्ध संपल्यावर जगभर अशा धावपट्ट्या मोठ्या संख्येने मोकळ्या पडल्या. काहींवर पुन्हा शेती होऊ लागली, काही नागरी विमानवाहतुकीकडे गेल्या, तर काहींवर मोटारी व मोटारसायकली धावू लागल्या. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनच्या युद्धकालीन विमानतळावर १९४८ साली मोठी मोटारशर्यत झाली. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेस शोळावरम येथील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरत असत. पुढे १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र धावमार्ग तयार झाला. बिरसीच्या वाट्याला शर्यती आल्या नाहीत. तेथे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था आली. परंतु दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होय : लांब सरळ पट्टीवर कमावलेला वेग थोड्या अंतरात कसा उतरवावा?

ह्या प्रश्नाच्या एका चमत्कारिक उत्तराचा येथे विचार करावयाचा आहे. आजच्या मोटारसायकल शर्यतीत स्वार सरळ मार्गाच्या शेवटी जोराने ब्रेक लावतो, त्या क्षणी वळणाच्या आतील बाजूचा पाय फूटरेस्टवरून काढून तो हवेत मोकळा सोडतो. वळण उजवीकडे असेल तर उजवा पाय, डावीकडे असेल तर डावा. पाय जमिनीला टेकत नाही. क्षण-दोन क्षण तो तसाच लोंबतो आणि वळणात शिरताना पुन्हा फूटरेस्टवर येतो. असे का करतात, याची अनेक उत्तरे दिली जातात. त्या उत्तरांत बहुधा तीन निराळे प्रश्न एकत्र कालविलेले असतात : ही लकब उत्पन्न कशी झाली, ती पसरली कशी, आणि तिचा उपयोग काय? शब्दाच्या इतिहासात व्युत्पत्ती, प्रसार आणि अर्थ ह्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, तसेच येथेही केले पाहिजे.

प्रथम उगमाचा विचार करू. पाय बाहेर काढणे ही गोष्ट स्वतः नवी नाही. १९२० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात लोकप्रिय झालेल्या आणि १९२८ साली इंग्लंडात पोहोचलेल्या मातीच्या अंडाकृती मार्गावरील शर्यतींत स्वार डावा पाय पोलादी तळव्याच्या बुटात घालून जमिनीवर घासत नेत असे. त्या यंत्रांना ब्रेकच नसत आणि सर्व वळणे डावीकडचीच असत. खडबडीत मातीवरील मोटोक्रॉस शर्यतींतही वळणावर आतला पाय पुढे ताणला जातो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी ही मुद्रा प्रत्यक्ष पाहिली. मात्र ह्या दोन्ही प्रकारांत पायाचे काम उघड आहे : चाक घसरले तर आधार द्यावयाचा. डांबरी मार्गावर ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात असा आधार देता येत नाही, आणि तो देण्याचा प्रयत्नही कोणी करीत नाही. रूप सारखे दिसले म्हणून दोन शब्दांचे मूळ एक ठरत नाही; तोच न्याय येथे लागू आहे.

डांबरी मार्गावरील स्वाराची परंपरा तर नेमकी उलट होती. १९५०च्या दशकात जेफ ड्यूकसारखे स्वार अंगाबरोबर बसणारा एकसंध चामडी पोशाख घालून, गुडघे टाकीला चिकटवून, शरीर शक्य तितके आटोपशीर ठेवीत. हा आटोपशीरपणा प्रथम मोडला तो वळणात. १९७०नंतर फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि त्यापाठोपाठ १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचा जगज्जेता ठरलेला अमेरिकन केनी रॉबर्ट्स यांनी शरीर आतल्या बाजूस झुकवून गुडघा बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. गुडघा बाहेर आला, पण पाऊल फूटरेस्टवरच राहिले. पाऊल सुटण्यास आणखी पाव शतक जावे लागले. २००५च्या सुमारास व्हॅलेंटिनो रॉसी ह्या इटालियन स्वाराच्या ह्या सवयीची चर्चा सुरू झाली. तिच्या उगमाविषयी बोलताना १० एप्रिल २००५ रोजी स्पेनमधील जेरेझ येथे झालेल्या शर्यतीचा उल्लेख वारंवार होतो. तीत शेवटच्या वळणावर सेते जिबेर्नाउशी टक्कर होऊनही रॉसी जिंकला. रॉसीने ह्या लकबीचे कोणतेही यांत्रिक गणित मांडले नाही. असे करणे स्वाभाविक वाटते, असाच त्याच्या सांगण्याचा रोख राहिला.

आता प्रसाराकडे वळू. रॉसीने एकूण नऊ जागतिक अजिंक्यपदे मिळविली, आणि जिंकणाऱ्याची लकब अनुकरणीय ठरते हे उघड आहे. त्यातच २०१४ साली त्याने तरुण इटालियन स्वारांसाठी प्रशिक्षणाची संस्था काढली. ह्या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. महिंद्र ह्या मुंबईच्या उद्योगाने २०११ ते २०१७ ह्या काळात जागतिक मोटारसायकल स्पर्धेच्या कनिष्ठ गटात यंत्रे उतरविली. त्या यंत्राला पहिला विजय २०१६ साली नेदरलंड्समधील आसेन येथे मिळाला, तो रॉसीच्या संस्थेतील फ्रान्सेस्को बान्याया याने मिळवून दिला. पुढे २०२२ व २०२३ साली बान्याया मुख्य गटाचा जगज्जेता झाला. त्याच संस्थेतील मार्को बेत्सेकी २०१७ साली महिंद्रच्या यंत्रावर स्वार होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत त्यानेच जिंकली. परंतु ही लकब एका गुरुकुलापुरती राहिली नाही. रॉसीचे प्रतिस्पर्धी, त्यांचे शिष्य, इतकेच नव्हे तर त्याच्या पद्धतीशी ज्यांचा काही संबंध नव्हता असे स्वारही पाय सोडू लागले. आधी प्रयोग रूढ झाला, व्याकरण मागाहून लिहिले गेले.

हे मागाहून लिहिलेले व्याकरण तपासून पाहणे आवश्यक आहे. सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण हवेच्या अवरोधाचे आहे. बिरसी येथे शिकणारा वैमानिक उतरण्यापूर्वी पंखांच्या मागील कडेचे फ्लॅप खाली करतो; त्यामुळे कमी वेगातही उचल टिकते आणि अवरोध वाढतो. सुटलेला पाय हा स्वाराचा फ्लॅपच होय, असे म्हटले जाते. उपमा चांगली आहे, पण तिचे माप घेतले पाहिजे. पायामुळे हवेसमोरचे क्षेत्र ०.०५ चौरस मीटरने वाढले असे धरू. ताशी २८८ किलोमीटर वेगास त्यापासून सुमारे १९० न्यूटन अवरोध मिळेल. २०२३च्या नियमांनुसार यंत्राचे किमान वजन १५७ किलोग्रॅम होते. स्वार, पोशाख व इंधन धरून एकूण वजन सुमारे २४० किलोग्रॅम मानले आणि वेग गुरुत्वत्वरणाच्या सव्वापट दराने उतरतो असे धरले, तर लागणारे बल सुमारे २९०० न्यूटन होते. म्हणजे पायाचा वाटा सहा-सात टक्के. हा वाटा अगदीच नगण्य नाही. परंतु अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की तो चौथाईवर येतो. वळणाच्या तोंडाशी, पाय अजून लोंबत असतानाच, त्याचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली गेलेला असतो.

दुसरे स्पष्टीकरण गुरुत्वमध्याचे. पाय खाली सोडल्याने वजन खाली येते व मागचे चाक उचलले जात नाही, असे सांगतात. येथेही प्रमाण पाहावे. एका पायाचे वजन सुमारे १० किलोग्रॅम धरून तो पाव मीटर खाली आला असे मानले, तर एकंदर गुरुत्वमध्य जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. फूटरेस्टवरचा भार निघाला म्हणून टायरवरचा भार कमी होतो, हे म्हणणे तर चुकीचेच आहे. पायाचे वजन फूटरेस्टऐवजी कमरेवाटे सीटवर येते, एवढाच फरक पडतो.

तिसरे स्पष्टीकरण शरीराच्या हालचालीचे आहे, आणि ते अधिक विचारार्ह वाटते. ब्रेक लावताना स्वार पुढे फेकला जात असतो; त्याच वेळी त्याला कंबर आतल्या बाजूस सरकवून गुडघा बाहेर काढावयाचा असतो. पाऊल फूटरेस्टवर रोवलेले असेल तर मांडीचा सांधा जखडल्यासारखा होतो. पाय मोकळा सोडला की कंबर सहज वळते, बाहेरच्या बाजूची मांडी टाकीला घट्ट दाबता येते आणि हातांवरचा ताण काहीसा हलका होतो. ह्या दृष्टीने पाहता लोंबणारा पाय ही एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याची मधली अवस्था ठरते.

परंतु ह्या सर्व चर्चेत एक बाब सहसा निसटते. पाय सोडणे फुकट नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो आणि डावा गिअरवर. जो पाय सुटेल त्याचे काम तेवढा वेळ बंद पडते. मग ही किंमत स्वाराला परवडते कशी? कारण त्या क्षणी जवळजवळ सर्व भार पुढच्या चाकावर गेलेला असतो. मागचे चाक हलके झालेले, कधी जमिनीवरून सुटलेले असते. त्याच्या ब्रेकचा तेव्हा फारसा उपयोग नसतो. ऑस्ट्रेलियन स्वार मिक डूहान याने १९९२ साली आसेन येथे उजव्या पायाला गंभीर दुखापत झाल्यानंतर मागचा ब्रेक डाव्या हाताच्या अंगठ्याने चालविण्याची सोय करून घेतली, आणि १९९४ ते १९९८ अशी सलग पाच अजिंक्यपदे मिळविली. अंगठ्याचा ब्रेक पुढे अनेकांनी स्वीकारला. मागच्या ब्रेकवर पाऊल असलेच पाहिजे ही सक्ती अशा रीतीने सैल झाली. लकब टिकण्यास लाभ मोठा असावा लागत नाही. तोटा जवळजवळ शून्य असला तरी पुरते.

ह्यावरून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. सार्वजनिक रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवर वरील हिशोबाने सुटलेल्या पायाचा अवरोध आठ-नऊ न्यूटन, म्हणजे एक किलोग्रॅमच्या भाराहूनही कमी भरतो. उलट तेथे मागचे चाक जमिनीवर भक्कम असते आणि त्याचा ब्रेक अत्यावश्यक असतो. धावमार्गावर जी किंमत शून्याजवळ आहे, ती रस्त्यावर पूर्ण मोजावी लागते. शर्यत पाहून ही मुद्रा उचलणाऱ्या तरुणाच्या हाती केवळ तोटा पडतो.

लोकव्युत्पत्तीत शब्दाचा आजचा अर्थ पाहून त्याचे मूळ कल्पिले जाते. सुटलेल्या पायाविषयी तेच झाले आहे. हवेचा थोडा अवरोध मिळतो हे खरे. पण तो मिळावा म्हणून पाय सुटला, याला आधार नाही. एका स्वाराच्या शरीराने एक सोय शोधली, ती सोय करणारा जिंकत राहिला, म्हणून इतरांनी ती उचलली, आणि ती हानिकारक नसल्यामुळे टिकली. तंत्राच्या इतिहासात उपयोगावरून उगम ठरविण्याचा मोह वारंवार होतो. बिरसीची धावपट्टी आज वैमानिक घडविते, म्हणून ती त्यासाठीच बांधली गेली होती असे कोणी म्हणणार नाही. कारण तिचे साल आपल्याला ठाऊक आहे. शरीराच्या सवयींना अशी सालाची नोंद सहसा नसते, म्हणूनच त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहणे भाग आहे.