श्रोणीचें माप

दोन कमरेचीं हाडें, त्यांच्यामध्यें मागच्या बाजूस त्रिकास्थि, आणि तिच्या टोकास माकडहाड, अशी प्रौढ माणसाच्या श्रोणीची घडण आहे. कमरेचें प्रत्येक हाड बालपणीं तीन तुकड्यांचें असतें. ते पुढें मांडीच्या उखळीपाशीं सांधून एक होतात. पाठ्यपुस्तकांत हें सारें अर्ध्या पानांत आटोपतें. तें इतकें सुटसुटीत होण्यास मात्र शतकें लागलीं.

सुश्रुतसंहितेंत श्रोणीचीं हाडें पांच मोजलीं आहेत. जघनाचा भाग तेथें निराळा धरला आहे. आज तो कमरेच्या हाडांतच गणतात. त्रिक मात्र एकच मानलें आहे, आणि मोठ्या माणसांत पांच मणके जुळून तें खरोखरच एक झालेलें असतें. प्रेत वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवून मग तपासावें असें सांगणाऱ्या ग्रंथाला हें शोभतें. उलट गेलननें त्रिकाचे तीनच भाग सांगितले. ते माणसाचे नव्हेत, वानराचे, हें व्हेसॅलियसनें १५४३ सालीं दाखवून दिलें.

तथापि हा सर्व हिशेब हाडांचा झाला. ज्या पोकळींतून आपण सर्व जगांत आलों तिचें काय? प्रसूतिसमयीं हीं हाडें आपोआप दूर सरतात असा समज युरोपांत फार जुना होता. (सांधे थोडे सैल पडतात, एवढें त्यांत तथ्य आहे.) दार आपणच उघडतें म्हटल्यावर त्याची रुंदी कोण मोजणार? अडलेल्या बाईचा दोष मग तिच्या दैवाकडे, नाहीं तर सुइणीकडे जाई.

हॉलंडमधील डेव्हेंटरची पत्नी सुईण होती. त्यानें १७०१ च्या आपल्या ग्रंथांत चपट्या व अरुंद श्रोणीचें वर्णन केलें. लंडनच्या स्मेलीनें त्याहून पुढचें पाऊल टाकलें. जघनसंधीच्या खालच्या कडेपासून त्रिकास्थीच्या पुढें आलेल्या कंगोऱ्यापर्यंतचें अंतर तो तपासणीच्या बोटानें घेई. त्याचा ग्रंथ १७५२ चा. निकोप स्त्रींत प्रवेशद्वाराची पुढून मागें लांबी सुमारें सव्वाचार इंच भरते. लहानपणीं मुडदूस झालेल्या मुलींत ती पुष्कळच कमी होई, आणि त्या धुरकट शहरांत मुडदुसाला तोटा नव्हता. माझ्या मतें या विद्येंतलें मोठें स्थित्यंतर हेंच: शवाऐवजीं प्रश्न जिवंत स्त्रीविषयीं विचारला गेला.

पण श्रोणि अरुंद कां होते, याचा उलगडा मापानें होत नाहीं. तो आहारांत व उन्हांत होता, आणि त्याचा एक पुरावा आपल्याच देशांत मिळाला. काश्मिरांत काम करणाऱ्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीं १९२८ सालीं पडदापद्धति व मातृत्व यांवर पुस्तक लिहिलें. घरांत कोंडलेल्या बायकांचीं हाडें मऊ पडून श्रोणि आंत दबे व बाळंतपण जिवावर बेते. त्याच प्रदेशांतल्या नावाड्यांच्या बायका उघड्यावर उन्हांत राबत. त्या सुखरूप बाळंत होत.